धारेचा हात

माझ्या आईच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे बाकी बोटांच्या मानाने जाड आहेत. अंगठा आत दुमडायचा, त्याच्या सांध्यावर सड घ्यायचा आणि बोटांनी दाबत खाली ओढायचं, ही तिची धार काढायची रीत. ती तिला तिच्या आईकडून मिळाली. त्या रीतीने सांध्यांवर कातडीचा घट्टा बसला. लग्नसराईत हातावर मेंदी लावली की सगळ्यात गडद रंग त्या घट्ट्यावर चढायचा. थंडीच्या पहाटे तिची मूठ वळायची नाही. चुलीवरच्या कोमट पाण्यात हात बुडवून ती बोटं मोकळी करायची आणि मग बादली घेऊन गोठ्यात जायची. धारा आटोपून कळण्याची भाकरी थापायला बसली की मधेच परातीच्या काठावर मनगट टेकवून थांबायची. विचारलं तर म्हणायची, ‘‘काही नही माय, हात भरून आला.’’

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात असे अंगठे घरोघरी आहेत. त्यांना दुखणं म्हणून कुणी कधी मोजलं नाही. म्हशी आहेत म्हणजे धारा आल्या, धारा आल्या म्हणजे हात दुखणारच, इतकं ते धरून चाललेलं. दवाखान्यात बाई गेली तरी ताप सांगायची, कंबर सांगायची. अंगठा दाखवायची नाही.

आता आमच्या गोठ्यात मशीन आहे. चाकांच्या गाड्यावर बसवलेला पंप, शेजारी झाकणाची स्टीलची बादली, झाकणातून निघालेल्या काळ्या नळ्या आणि त्यांच्या टोकाला चार कपांचा जुडगा. मी माहेरी गेले की पहाटे पंपाच्या घरघरीने जाग येते. त्या घरघरीत एक बारीक टकटक ऐकू येते, एका लयीत, न चुकता. यावलहून फैजपूरकडे भल्या पहाटे निघालं तर रस्त्याकडेच्या एखाद्या गोठ्यातूनही ती कानावर पडते. मला ती आवडते. या टकटकीमागे दीडशे वर्षांची खटपट आहे, आणि आईच्या अंगठ्यांची सुटकाही.

सातपुडा आणि तापी यांच्यामधली आमची पट्टी. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला नदी आणि मध्ये काळी जमीन. इथली ओळख केळीची. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात यावल-रावेरच्या बागांचा वाटा मोठा. पण केळी हाताशी यायला वर्ष लागतं. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ सुटलं तर उभी बाग एका संध्याकाळी आडवी होते. कधी सीएमव्ही या विषाणूचा रोग येतो आणि कोवळी रोपं उपटून फेकावी लागतात. कापसाचा पैसा हंगामात एकदा येतो आणि आधीची देणी फेडण्यात जातो. मधल्या महिन्यांत घर चालतं ते दुधावर. दूध रोज निघतं, आणि दहा-पंधरा दिवसांनी त्याचा पैसा हातात पडतो. किराणा, वह्या-पुस्तकं, एसटीचा पास, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं त्यातून. केळी आडवी झालेल्या वर्षी आमच्या घरातली चूल विझली नाही, याचं श्रेय आमच्या म्हशींना आहे आणि त्यांच्या कासेखाली बसलेल्या माणसाला आहे.

माझ्या आजीच्या काळात दूध विकणं कमीपणाचं वाटायचं. दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. बाजाराला जायचं ते तूप. सौराष्ट्रातून उतरलेले काठेवाडी गवळी आपल्या गीर गाई घेऊन रानोमाळ फिरायचे, त्यांचे वाडे शेतात पडायचे. दुधाचा धंदा त्यांचा, आपली शेती, अशी समजूत होती. १९७० मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘दुधाचा महापूर’ ही योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षांत ही समजूत गावोगाव बदलत गेली. गावात दूध संस्था निघाली. सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागू लागली. जळगावचा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ ते दूध घेऊ लागला, आणि ‘विकास’च्या पिशवीतून आपल्याच गोठ्यातलं दूध शहरात जातं हे लहान मुलांनाही कळू लागलं. ‘‘आज फॅट किती लागली?’’ हा प्रश्न ओसरीवर रोजचा झाला. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग), म्हशीच्या दुधाला सहा आणि नऊ. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्या बायकांनाही हे आकडे पाठ. दूध मोजायची, तपासायची, थंड करायची यंत्रं गावात आधी आली. दूध काढायचं काम मात्र कितीतरी वर्षं हातावरच राहिलं. १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघालं. यातलं बहुतेक दूध दोन-चार जनावरांच्या घरांतलं आहे, आणि त्यातला फार मोठा भाग अजूनही माणसाच्या बोटांमधून, सडासडाने, बादलीत उतरतो.

धार काढणं म्हणजे सड ओढणं, असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. ज्याने म्हैस पाळली आहे त्याला माहीत असतं की सड ओढून दूध येत नाही. म्हशीने ते सोडावं लागतं. ती सोडत नाही तोवर कास दगडासारखी भरलेली असली तरी बादलीत चार थेंब. म्हणून आधी आंबोण पुढ्यात ठेवायचं. सरकीची ढेप भिजवलेली, त्यात थोडा भरडा. पाठीवरून हात फिरवायचा, कास कोमट पाण्याने धुवायची. पारडू सोडायचं. ते ढुशा देत लुचू लागलं की म्हैस मान खाली घालते, डोळे अर्धे मिटते आणि सड टरारून येतात. मग पारडाला बाजूला घेऊन तिच्या तोंडाजवळ बांधायचं, म्हणजे ती त्याला चाटत उभी राहते. पारडू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो आकार म्हशीपुढे ठेवायची रीत जुन्या लोकांनी पाळली. अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, गोठ्यात भांडण झालं की म्हैस दूध चोरते. आई धारेला बसली की घरातल्या मोठ्या आवाजाला तिची मनाई होती. वडील कुणावर चिडले असले तरी धारा होईपर्यंत गप्प राहायचे.

विज्ञानाने या सगळ्याला पुढे नाव दिलं. सडाला स्पर्श झाला, पारडाचा वास आला की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते कासेतल्या दूध तयार करणाऱ्या बारीक पोकळ्यांना आवळतं आणि दूध खाली येतं. भीती वाटली तर दुसरं संप्रेरक उसळतं आणि ही वाट बंद होते. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये या द्रव्याचा परिणाम प्रथम नोंदवला. १९५३ मध्ये विन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १९५५ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. गाईच्या कासेत सुमारे पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आधीच जमून असतं. म्हशीच्या बाबतीत ते जेमतेम पाच टक्के. उरलेलं सगळं दूध वर, पान्हा फुटायची वाट बघत थांबलेलं. गाय पान्ह्याशिवाय थोडं तरी देते. म्हैस जवळजवळ काहीच देत नाही. आमच्याकडे म्हशी जास्त. म्हणून आमच्याकडे धारेचा हात म्हणजे आधी पान्हा फोडणारा हात.

हा पान्हा जबरदस्तीने काढायच्या वाटाही माणसाने शोधल्या, आणि त्या लाज आणणाऱ्या आहेत. पूर्वी शहरांतल्या गोठ्यांत, विशेषतः कलकत्त्यात, गाईच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकून दूध उतरवायचे. त्याला फुका म्हणत. गांधीजींनी त्याविषयी वाचलं, आणि दूध सोडण्याच्या त्यांच्या विचाराला त्या वाचनाने बळ आलं. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. १९१८ मध्ये दुखण्याने अंथरुणाला खिळले तेव्हा कस्तुरबांच्या आग्रहावरून शेळीचं दूध घेतलं. गाई-म्हशीचं दूध पुन्हा घेतलं नाही. हे गांधीजी डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या तालुक्यात, फैजपूरला आले होते. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या वस्तूंनी तो परिसर सजवला होता. खेड्यातल्या हाताच्या कामाला मान मिळावा म्हणून भरवलेल्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी तिथे केलं. फैजपूरच्या रस्त्याने जाताना मला अधिवेशनाच्या ठरावांइतकाच तो न घेतलेला दुधाचा पेला आठवतो. जनावराला छळून काढलेलं दूध नको, हे म्हणणारा माणूस या मातीवर चालून गेला आहे.

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने फुका हा गुन्हा ठरवला. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणंही त्याच कलमात येतं. तरी ऑक्सिटोसिनच्या बाटल्या गोठ्यांच्या कोनाड्यांत पोहोचल्याच. पारडू जगवायला दूध खर्ची पडतं, म्हणून पारडाकडे दुर्लक्ष. पारडू गेलं की म्हैस पान्हा देत नाही, म्हणून सुई. रोज दोन वेळा सुई. ही साखळी जिथे सुरू होते तिथे दूध मिळतं, पण म्हशीचे हाल होतात आणि मालकाचं मनही हळूहळू निबर होतं. हाताने धार काढली म्हणजे ती आपोआप मायेची, असं मला म्हणता येत नाही ते यासाठी. सुई टोचणारा हातही हातच असतो.

यंत्राची कहाणी या पार्श्वभूमीवर पाहावी. पारडू जिभेने आणि टाळूने सड दाबतं, तोंडात पोकळी करून दूध ओढतं आणि गिळताना क्षणभर सैल सोडतं. पहिल्या यंत्रकारांना यातलं ओढणं तेवढं दिसलं. अमेरिकेत १८६० मध्ये एल. ओ. कोल्विन यांनी हवा खेचून दूध काढणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. स्कॉटलंडमध्ये विल्यम मर्चलँड यांनी १८८९ मध्ये निर्वात ओढीवर चालणारं यंत्र बनवलं. ओढ सतत एकसारखी होती. दूध यायचं, पण सडात रक्त साकळायचं, सड सुजायचे, गाई लाथा झाडायच्या. मग १८९५ मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्ड्स यांच्या ‘थिसल’ यंत्रात ओढ आणि सैल, ओढ आणि सैल अशी लय आली. पुढे १९०३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांडर गिलीज यांनी दोन भिंतींचा कप केला. बाहेर कडक कवच, आत रबराची नळी. आतली ओढ कायम राहते. दोन भिंतींमधल्या जागेत मात्र आळीपाळीने पोकळी आणि हवा. पोकळी असताना रबर उघडतं आणि दूध वाहतं. हवा आली की रबर मिटतं, सडाला हलकेच चोळतं आणि साकळू पाहणारं रक्त वर परत जातं. आजच्या गोठ्यातल्या यंत्राचा गाभा हाच आहे. आमच्या पंपाजवळची टकटक म्हणजे या उघडझापीची टकटक. मिनिटाला साधारण साठ वेळा. दहा भाग धरले तर सहा भाग ओढ, चार भाग विसावा. यंत्राला ओढणं लवकर जमलं होतं. ते गोठ्यात टिकलं ते विसावा घ्यायला शिकल्यावर.

आमच्या घरी मशीन आलं तेव्हा म्हशी बिथरल्या. पंप सुरू झाला की दावणीला हिसके. बसवून द्यायला आलेल्या माणसाने दाब समजावून सांगितला, नळ्या जोडायला शिकवल्या, कप कसे लावायचे ते माझ्या भावाला दाखवलं आणि तो गेला. त्या संध्याकाळी एकाही म्हशीने धड दूध दिलं नाही. आई ओट्यावर बसून पाहत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने आपली रीत लावली. कप बाजूला ठेवायचे, पंप नुसता चालू करायचा, आणि तो चालू असताना म्हशींपुढे आंबोण ठेवायचं. पंप बंद, आंबोण उचललं. धार हातानेच. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी पंप सुरू झाला आणि म्हशी घमेल्याकडे माना वळवून उभ्या राहिल्या. आमची थोरली म्हैस तर त्या आवाजावरच पान्हावली. त्या दिवशी आईने स्वतः पहिला कप लावला. तीन सडांना तीन कप आणि चौथ्या कपाच्या तोंडाला बूच. चौथा सड पारडाचा. ‘‘मशीन दूध वढते,’’ ती भावाला म्हणाली, ‘‘पन पान्हा त मलेच आना लागतो.’’

मला वाटतं, या बदलाचं सगळं मर्म तिच्या या एका वाक्यात आलं आहे. यंत्राने हाताचं एक काम घेतलं, दाबणं आणि ओढणं. बाकीची कामं हाताकडेच राहिली, आणि त्यांचं मोल वाढलं. आता कप लावण्याआधी प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर किंवा गडद भांड्यात घेऊन बघावी लागते. दुधात बारीक गाठी दिसल्या, पाणीदारपणा दिसला तर त्या सडाला कप लावायचा नाही. कास धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करायची. ओली कास आणि कप ही रोगाला वाट. म्हशीला पान्हा फुटायला दोन मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात, तेवढी कळ काढायची. घाईने कप लावले तर कोरड्या सडावर ओढ बसते. दूध संपत आलं की पारदर्शक नळीतली धार बारीक होते; तिथे थांबायचं. आधी ओढ बंद करायची, मग कप आपोआप सैल होऊन हातात येतात. जोराने खेचायचे नाहीत. मग सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि म्हशीपुढे चारा टाकायचा, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. धार झाल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, आणि त्या वेळी ती शेणात बसली तर जंतू सरळ आत जातात.

यातलं एखादं काम चुकलं की दगडी येते. स्तनदाहाला आमच्याकडे दगडी म्हणतात, कारण कासेचा तो भाग खरंच दगडासारखा होतो. एकदा दगडी झाली की तो सड बऱ्याचदा कायमचा जातो, आणि म्हशीची किंमत बाजारात निम्म्यावर येते. त्याहून कपटी असतो तो छुपा दाह. वरून काही दिसत नाही, दूध मात्र घटत जातं. १९५७ पासून जगभर वापरात असलेली कॅलिफोर्निया चाचणी त्यासाठीच आहे. चार खणांच्या थाळीत चार सडांचं दूध, त्यावर तेवढंच द्रावण, थाळी गोल फिरवायची. ज्या खणातलं दूध घट्ट होईल तो सड आजारी. स्वस्त आणि सोपी चाचणी. कपातलं रबरही म्हातारं होतं. साधारण अडीच हजार धारांनंतर ते बदलायचं असतं. त्यावर बारीक भेगा पडतात, भेगांत दूध साचतं, दुधात जंतू वाढतात. पाच-दहा जनावरांच्या गोठ्यात ते वर्षात एकदा ते तीनदा बदलावं लागतं. ज्या गोठ्यात रबर फाटेपर्यंत वापरतात तिथे लोक म्हणतात, मशीनने म्हैस खराब झाली. ते म्हणणं अर्धं खरं आहे. म्हैस खराब होते ती मशीन नीट न सांभाळल्याने.

मशीन आलं ते हौसेने आलं असं नाही. गावातली तरणी मुलं पुण्याला, चाकणला, सुरतेला गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षभरासाठी सालदार ठरवायची रीत होती. आता पहाटे चारला उठून धारा काढील असा माणूस साल घालूनही मिळत नाही. गोठ्याच्या घरात मुलगी द्यायची नाही, असं आईबाप उघड म्हणू लागले. त्यांना मी दोष देत नाही. माझ्या आईच्या अंगठ्यांकडे पाहून मलाही तसंच वाटलं असतं. दोनाच्या चार म्हशी करायच्या तर हात पुरत नाहीत. म्हशी विकायच्या तर केळीच्या वाईट वर्षी घरात पैसा नाही. या पेचातून यंत्राने वाट काढून दिली. एका चांगल्या मुऱ्हा म्हशीच्या किमतीपेक्षा कमी पैशांत गाड्यावरचं साधं मशीन येतं. माझी वहिनी सासरी आली तेव्हा तिला धार येत नव्हती. आज पाच म्हशींच्या धारा ती आणि भाऊ मिळून काढतात, आणि मुलाची शाळेची गाडी यायच्या आत आटोपतात.

अडचणी आहेतच. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हशी धापा टाकतात, दूध घटतं, आणि त्याच दिवसांत वीज जाते. बादलीला कप लावलेले असताना वीज गेली तर पुढची धार हातानेच पुरी करावी लागते. म्हणून हाताची सवय मोडून चालत नाही. केळी आणि मक्याखाली जमीन गेली, ज्वारी कमी झाली, कडबा महाग झाला. ढेपेचे भाव चढतात, दुधाचे उतरतात. मशीन यातलं काही सोडवत नाही. आपल्याच राज्यात मंचरजवळच्या भाग्यलक्ष्मी फार्मवर गोल फिरणाऱ्या चबुतऱ्यावर गाई उभ्या राहतात आणि एका फेरीत त्यांची धार होते. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून रोबोट धार काढतो आहे; गाय वाटेल तेव्हा स्वतः चालत जाते, यंत्र तिच्या गळ्यातल्या खुणेवरून तिला ओळखतं आणि कप लावतं. ते काम थोर आहे. आपल्या घरांना मात्र दोन ते दहा जनावरांचं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं, म्हशीच्या जाड सडाला मानवेल असं यंत्र हवं. चार-पाच घरांनी मिळून एक मशीन घेता येईल, पण मग कप घराघराला निर्जंतुक करावे लागतील, नाहीतर एका गोठ्याची दगडी गल्लीभर जाईल. रबर, आयोडीन आणि चाचणीचं द्रावण दूध संस्थेतच मिळालं पाहिजे, ढेप मिळते तसं. त्यासाठी जळगावची वारी करावी लागू नये.

वसुबारसेला आमच्या घरी गाय-वासराची पूजा होते, म्हशीलाही ओवाळतात. पूजा आई करते, वहिनी करते. पारडाला दूध ठेवायचं की नाही हे त्या ठरवतात. म्हैस आज का रुसली हे त्यांना कळतं. काळ्या फडक्यावरची गाठ त्यांना आधी दिसते. मशीन दाखवायला माणूस आला तेव्हा मात्र कप पुरुषाच्या हातात दिले गेले, आणि हे आमच्याच घरात झालं असं नाही. यंत्र दिसलं की ते पुरुषाचं काम ठरतं. ते धुणं, उकळत्या पाण्यातून काढणं, नळ्या घासणं पुन्हा बाईकडे येतं. संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाव पुरुषाचं, बँकेचं खातं पुरुषाचं, वार्षिक सभेला जाणार पुरुष. आईने उभा जन्म धारा काढल्या. दुधाच्या बिलावर तिचं नाव एकदाही छापलं गेलं नाही. दुधाला भाव किती, कपात कशाची झाली, अनुदान आलं की नाही, हे तिला कधी कुणी वाचून दाखवलं नाही. जी माणसं जनावर सर्वांत जवळून ओळखतात त्यांना त्याच्या व्यवहारातून बाहेर ठेवून गोठा सुधारत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्या घरात मशीन येईल त्या घरातल्या बाईला ते आधी शिकवा. दूध संस्थांनी प्रात्यक्षिक ठेवलं तर ते दुपारी ठेवावं, जेव्हा बायकांना घराबाहेर पडता येतं, आणि निमंत्रण त्यांच्या नावाने पाठवावं. मशीनसाठी पैसे बाजूला काढाल तेव्हा रबर, आयोडीन आणि चाचणीचेही काढा. पारडाचा सड पारडाला ठेवा; सुईची बाटली गोठ्यात येऊ देऊ नका. आणि पुढच्या सभेला जाल तेव्हा एक अर्ज घेऊन जा. गोठ्यात जी कप लावते, जी पान्हा आणते, तिचं नाव सभासद म्हणून लिहा आणि दुधाचा पैसा तिच्या खात्यावर जमा होऊ द्या. माझ्या भावाने या वर्षी वहिनीच्या नावाने तो अर्ज दिला आहे.